उरलेल्या रंगाचा वाली कोण?

घराला रंग देऊन झाला की डबे उरतात. एखाद्याच्या तळाशी चार बोटं इमल्शन, एखाद्यात पाव लिटर ऑइल पेंट, प्रायमरचा एखादा डबा तर जवळजवळ भरलेला. पुढे भिंतीवर ओरखडा पडला तर त्याच शेडचा हात मारता येईल म्हणून ते डबे माळ्यावर किंवा जिन्याखाली जातात. तीन-चार वर्षांनी झाकण उचकटावं, तर वर जाड साय आलेली असते आणि खाली घट्ट गोळा झालेला असतो. मग ते कुठे टाकायचं, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. घंटागाडीवाला घेत नाही, भंगारवाला रिकामा डबा मागतो आणि शेवटी रंग मोरीत, नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर जातो.

हा प्रश्न जगभर आहे. त्यातलं अमेरिकेचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं, कारण तिथे एक सहसा न दिसणारी गोष्ट घडली. रंग बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच राज्य सरकारांकडे जाऊन सांगितलं की आम्हाला बांधून घेणारा कायदा करा. उद्योगांना कायदा नको असतो, असा आपला अनुभव. या उद्योगाला तो का हवासा झाला, हे समजलं की ‘जबाबदारी वाटून घेणं’ प्रत्यक्षात कसं असतं तेही कळतं.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. अमेरिकेत घरांसाठी जेवढा रंग विकला जातो, त्यातला साधारण १० टक्के वापराविना उरतो, असा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज होता. या शतकाच्या पहिल्या दशकात ते प्रमाण वर्षाला सहा-साडेसहा कोटी गॅलनच्या घरात जात होतं, म्हणजे सुमारे २४-२५ कोटी लिटर. यात कुणाचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. भिंत किती रंग पिईल याचा अंदाज चुकतो. मोठा डबा दराने स्वस्त पडतो. यंत्रावर हवी ती शेड मिसळून घेतली की दुकानदार डबा परत घेत नाही, कारण ती शेड दुसऱ्या कुणाला नको असते. आणि काम अर्ध्यावर असताना रंग संपला, तर दुसऱ्या डब्याची शेड तंतोतंत जुळेल की नाही ही धास्ती असते, म्हणून माणूस थोडा जास्तच आणतो.

उरलेला रंग दोन जातींचा असतो. पाण्यात मिसळणारा, ज्याला तिकडे लॅटेक्स म्हणतात आणि आपल्याकडे इमल्शन; आणि तेलाच्या आधाराचा, म्हणजे एनॅमल, वॉर्निश वगैरे. दुसऱ्या जातीत ज्वलनशील द्रावकं असतात, त्यामुळे तो उघड उघड घातक. पहिला त्या मानाने सौम्य, पण जुन्या डब्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. बुरशी धरू नये म्हणून लॅटेक्स रंगात पाऱ्याची संयुगं घालत असत. आतल्या भिंतींच्या रंगात ती वापरणं १९९० मध्ये थांबवण्यात आलं. त्याआधी मिशिगनमधलं एक लहान मूल घर रंगवल्यानंतर पाऱ्याच्या विषबाधेने गंभीर आजारी पडलं होतं. अशा काळातले डबे तळघरांतून अजून निघतात. शिवाय रंग कुठलाही असो, भरलेला डबा कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला की फुटतो. रंग कामगारांच्या अंगावर उडतो, रस्त्यावर सांडतो. गटारात ओतला तर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर आणि पुढे नदीवर ताण येतो.

अमेरिकेचा घातक कचऱ्याचा कायदा कारखान्यांना कडक लागू होतो, पण घरातून निघणाऱ्या कचऱ्याला त्यातून सूट आहे. प्रत्येक घरामागे निरीक्षक लावणं शक्य नाही, त्यामुळे ती सूट समजण्यासारखी आहे. मात्र त्या सुटीचा परिणाम असा झाला की घरातला घातक माल गोळा करायचं काम कुणी न सोपवताच शहरांच्या आणि काउंट्यांच्या गळ्यात पडलं. वर्षातून एक-दोनदा संकलनाचे दिवस जाहीर व्हायचे. लोक डबे घेऊन रांगा लावायचे. गोळा होणाऱ्या मालात सगळ्यात मोठा वाटा रंगाचा असायचा आणि खर्चातही. एक गॅलन रंग गोळा करून मार्गी लावायला सुमारे ८ डॉलर धरले, तर देशभरच्या उरलेल्या रंगाचा खर्च वर्षाला अर्ध्या अब्ज डॉलरवर जातो. एवढा पैसा कुठल्याच नगर प्रशासनाकडे नव्हता. म्हणून बहुतेक ठिकाणी संकलन होतच नव्हतं, किंवा अगदी नावापुरतं होत होतं.

स्वीडनमधले थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० साली आपल्या सरकारपुढे एक कल्पना मांडली होती. वस्तू बनवणाऱ्याची जबाबदारी ती विकली की संपत नाही. वापर झाल्यावर तिचं काय होतं, याचा भारही त्याच्यावर असावा. ही उत्पादकाची विस्तारित जबाबदारी. अमेरिकेत या विचाराने काम करणारी ‘प्रॉडक्ट स्ट्यूअर्डशिप इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्कॉट कॅसल यांनी २००० साली उभी केली. त्याआधी ते मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पर्यावरण खात्यात काम करत होते. २००३ च्या अखेरीस या संस्थेने रंगाच्या प्रश्नावर सगळ्या संबंधितांना एका टेबलाभोवती बसवलं: रंग कंपन्यांची राष्ट्रीय संघटना, राज्यांची आणि शहरांची पर्यावरण खाती, केंद्रीय पर्यावरण संस्था, दुकानदार, जुन्या रंगावर प्रक्रिया करणारे, रंगकामाचे ठेकेदार.

सुरुवातीला दोन्ही बाजूंचं म्हणणं ठरल्यासारखं होतं. उद्योगाचं म्हणणं, लोकांनी मोजून रंग घ्यावा आणि घेतलेला वापरून संपवावा. प्रश्न ग्राहकाच्या सवयीचा आहे. सरकारी अधिकाऱ्यांचं म्हणणं, माल तुमचा, नफा तुमचा, मग उरलेल्याचा खर्च आमच्या करदात्यांनी का सोसावा? या चर्चेचं खरं यश असं की कुणीही उठून गेलं नाही. वर्षानुवर्षं बसून त्यांनी आधी आकडे एकत्र जमवले. रंग किती उरतो, गोळा करायला किती पैसे पडतात, पुन्हा वापरायचा तर त्याचा दर्जा कसा ठरवायचा, याची माहिती सगळ्यांना मान्य असल्याशिवाय भांडणसुद्धा धड होत नाही. २००७ साली करार झाला. मिनेसोटा राज्यात प्रयोग करायचा आणि खर्चाची व्यवस्था उद्योगाने उभी करायची, असं ठरलं.

आणि इथे कंपन्यांना कायद्याची गरज भासली.

समजा, दहा कंपन्यांनी मिळून ठरवलं की प्रत्येक डब्यामागे थोडे पैसे बाजूला काढायचे आणि त्यातून उरलेला रंग परत घ्यायचा. अकरावी कंपनी म्हणाली, मी नाही देणार. तिचा डबा दुकानात तेवढ्याने स्वस्त राहील आणि तिचा उरलेला रंग मात्र इतरांच्या पैशांनी गोळा होईल. म्हणजे जो जबाबदारीने वागेल, त्यालाच तोटा. स्वयंस्फूर्त योजना बहुतेक वेळा इथेच मोडतात. दुसरी अडचण याहून अवघड होती. स्पर्धक कंपन्यांनी एकत्र बसून किंमत किंवा आकार ठरवणं हा अमेरिकेच्या स्पर्धाविषयक कायद्यांखाली गंभीर गुन्हा आहे. हेतू कितीही चांगला असो, सगळ्या रंग कंपन्यांनी मिळून डब्यामागे अमुक सेंट लावायचे ठरवलं, तर त्यांच्यावर संगनमताचा खटला होऊ शकतो. या दोन्ही गाठी फक्त राज्याचा कायदाच सोडवू शकत होता. राज्यात रंग विकायचा तर प्रत्येक कंपनीने योजनेत असलंच पाहिजे, हे कायदाच सांगू शकतो. आणि सरकारच्या देखरेखीखाली ठरलेल्या आकारणीसाठी कंपन्यांना संरक्षणही कायदाच देऊ शकतो. स्वखुशीने जबाबदारी घ्यायला तयार असलेल्या उद्योगालाही ती एकट्याने पार पाडता येत नाही, ही या सगळ्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे.

मिनेसोटाच्या विधिमंडळाने विधेयक लागोपाठ दोनदा मंजूर केलं आणि गव्हर्नर टिम पॉलेंटी यांनी ते दोन्ही वेळा नकाराधिकार वापरून अडवलं. तेव्हा ओरेगन पुढे आलं. तिथे २००९ साली कायदा झाला. रंग कंपन्यांच्या संघटनेने ‘पेंटकेअर’ नावाची ना-नफा संस्था काढली आणि जुलै २०१० पासून काम सुरू झालं. पहिली काही वर्षं ते प्रायोगिक होतं. २०१३ मध्ये राज्याने ते कायम केलं. मिनेसोटानेही त्याच वर्षी अखेर कायदा केला. कॅलिफोर्नियात २०१२ साली योजना सुरू झाली, मग कनेक्टिकट, र्‍होड आयलंड, व्हरमाँट, मेन, कोलोरॅडो, राजधानी वॉशिंग्टन, पुढे वॉशिंग्टन राज्य आणि मे २०२२ मध्ये न्यूयॉर्क. इलिनॉयने २०२३ साली आणि मेरीलँडने २०२४ साली कायदे केले. या साऱ्या राज्यांत मिळून आजवर ५ कोटी गॅलनहून अधिक रंग गोळा झाला आहे.

या यंत्रणेतला पैसा कुठून कुठे जातो, हे पाहण्यासारखं आहे. ओरेगनमध्ये सुरुवातीला एक गॅलनच्या डब्यावर ७५ सेंट, त्याहून लहान डब्यावर ३५ सेंट, पाच गॅलनच्या बादलीवर १ डॉलर ६० सेंट असा आकार होता. अगदी चिमुकल्या डब्यांना माफी. पुढे राज्याराज्यांत हे दर बदलले. कंपनी विकलेल्या डब्यांच्या हिशेबाने ही रक्कम पेंटकेअरकडे भरते, ती दुकानदाराकडून वसूल करते आणि दुकानदार ग्राहकाकडून. म्हणजे शेवटी पैसे रंग विकत घेणाराच देतो. ‘उत्पादकाची जबाबदारी’ म्हणताना हे लपवू नये. पण आधीही ते कुणीतरी देतच होतं. घर कधी न रंगवणाऱ्या करदात्यालाही त्यात भर घालावी लागत होती. आता जो रंग घेतो, तो त्याच्या शेवटाचा खर्चही भरतो. आणि डबा परत देताना कुणाकडूनही काही घेतलं जात नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण टाकताना पैसे मागितले की माणूस अंधार पडायची वाट बघतो.

दुसरी चांगली गोष्ट अशी की आजच्या डब्यावर गोळा झालेले पैसे कालच्या रंगावरही खर्च होतात. वीस वर्षांपूर्वीचा डबा असो, ती कंपनी बंद पडलेली असो, ब्रँड कुठलाही असो, केंद्र तो घेतं. प्रत्येक कंपनीने आपापलेच डबे शोधून न्यायचे म्हटलं असतं तर काहीच जमलं नसतं.

डबे घेण्याची जागा म्हणजे बहुतेक ठिकाणी रंगाचं दुकानच. दुकानदारावर सक्ती नाही. तो आपणहून केंद्र होतो. पेंटकेअर त्याला मोठे खोके पुरवते, ते भरले की उचलून नेते, कर्मचाऱ्यांना शिकवते. दुकानात डबा उघडायचा नाही, रंग एकत्र ओतायचा नाही. मूळ डबा, वाचता येणारं लेबल, घट्ट झाकण, एवढ्या अटी. गळका डबा, थिनर किंवा स्प्रेचे डबे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. रंगकामाचे ठेकेदारही इथे डबे देऊ शकतात. किती केंद्रं हवीत याचंही माप आहे. अनेक राज्यांत निकष असा की ९० टक्के लोकवस्तीला १५ मैलांच्या, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरच्या आत कायमचं केंद्र असलं पाहिजे आणि मोठ्या वस्तीत दर ३० हजार लोकांमागे आणखी एक. हा आकडा कायद्यात किंवा मंजूर आराखड्यात लिहिलेला असतो, म्हणून तो पाळला गेला की नाही हे दरवर्षी तपासता येतं. ‘पुरेशी केंद्रं’ असा मोघम शब्द असता तर शहरांत चार खोकी ठेवून उद्योग मोकळा झाला असता.

गोळा झालेला रंग मग निवडला जातो. चांगल्या अवस्थेतले, जवळजवळ भरलेले डबे गरजू लोकांना किंवा सेवाभावी संस्थांच्या दुकानांना देतात. या वाटेवर खर्च सर्वांत कमी. लॅटेक्सचे बाकीचे डबे कामगार एकेक करून उघडतात, डोळ्यांनी आणि नाकाने तपासतात, सडलेले बाजूला काढतात आणि उरलेले रंगछटांप्रमाणे मोठ्या पिंपांत ओततात. गाळून, ढवळून, तपासून त्याचा पुन्हा रंग होतो. पोर्टलंडच्या ‘मेट्रो’ या प्रादेशिक सरकारने हे काम नव्वदच्या दशकापासून स्वतः केलं आणि तो रंग स्वस्तात विकला. सगळ्या छटा मिसळल्या की बहुतेकदा करडा किंवा मातकट रंग होतो, त्यामुळे पांढरे डबे प्रक्रिया करणाऱ्यांना सोन्यासारखे. तेलाच्या रंगाचा पुनर्वापर जवळजवळ होत नाही; त्यातली ऊर्जा वापरण्यासाठी तो इंधनात मिसळतात किंवा जाळतात. डब्यांचं लोखंड भट्टीत जातं.

मग सरकार काय करतं? ते डबे उचलत नाही, पण त्याच्याकडचं काम कमी महत्त्वाचं नाही. ओरेगनमध्ये पर्यावरण गुणवत्ता खातं आणि कॅलिफोर्नियात कॅलरिसायकल हे खातं पेंटकेअरचा आराखडा मंजूर करतं, आकार वाजवी आहे का पाहतं, वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण मागतं. योजनेत नसलेला ब्रँड दुकानात दिसला तर कारवाईचा अधिकार त्यांचा. या देखरेखीचा खर्चसुद्धा योजनेतूनच भरला जातो. थोडक्यात, काम उद्योगाचं, मोजमाप सरकारचं.

या व्यवस्थेतल्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सर्वांत मोठी अशी की एका मापाच्या प्रत्येक डब्याला सारखाच आकार असल्यामुळे कमी रंग उरेल अशी व्यवस्था करणाऱ्या कंपनीला काही फायदा मिळत नाही. लहान मापाचे डबे योग्य दरात विकले, भिंतीचा हिशेब दुकानातच चोख करून दिला, तर रंग कमी उरेल. पण उद्योगाला अधिक रंग विकायचा असतो. ग्राहकाला नीट मोजून घ्यायला शिकवणं हे कायद्यात आहे, प्रसारही होतो. तरी माझ्या मते आकारणीतच याचं बक्षीस असायला हवं होतं. पुनर्निर्मित रंगाला गिऱ्हाईकही पुरेसं मिळत नाही. सरकारी इमारतींनी तो आधी घ्यायला हवा. आणि अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांत असा कायदा अजूनही नाही. तिथे लॅटेक्स वाळवून कचऱ्यात टाका, एवढंच सांगितलं जातं.

इतर देशांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने १९९४ सालीच नियम करून उद्योगाला संघटना काढायला लावली. उत्तर अमेरिकेतली ती पहिली. ब्रिटनमध्ये १९९३ पासून ‘कम्युनिटी रीपेंट’ ही चळवळ उरलेला चांगला रंग गरजूंना पोचवते. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण माझ्या म्हणण्याला थोडी मुरड घालतं. तिथे २०१६ मध्ये ‘पेंटबॅक’ सुरू झालं, तेव्हा लिटरमागे १५ सेंट आकार होता आणि वेगळा सक्तीचा कायदा नव्हता. पण तिथेही कंपन्यांना स्पर्धा आयोगाची परवानगी घ्यावी लागलीच. सरकारचा हात लागल्याशिवाय गाडी तिथेही हलली नाही.

आता आपल्याकडे वळू, कारण या जबाबदारीचा धागा इथल्या नियमांतही खरोखर आहे. भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्याची व्याख्या केली, तेव्हा यादीत पहिलंच नाव रंगाच्या टाकून दिलेल्या डब्यांचं होतं. असा कचरा स्वीकारायला दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावं, असंही त्या नियमांत होतं. आपल्या शहरात ते कुठे आहे, हे किती वाचकांना सांगता येईल? ई-कचरा, बॅटऱ्या, टायर, वापरलेलं तेल, प्लास्टिकचं वेष्टन यांच्यासाठी उत्पादकाची जबाबदारी आपल्याकडे कायद्याने ठरली. रंगाची प्लास्टिकची बादली त्यात येते; बादलीतला उरलेला रंग मात्र राहून गेला. घरगुती रंगात शिसं १० लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियमही १ नोव्हेंबर २०१७ पासून आला. त्याआधीचे डबे अजून माळ्यांवर असतील, तर ते मोरीत ओतण्याच्या लायकीचे नाहीत.

रंगाच्या बाबतीत आपल्याकडे सोयीच्या गोष्टी पुष्कळ आहेत. १९४२ साली मुंबईत सुरू झालेल्या एशियन पेंट्ससारख्या मोजक्या मोठ्या कंपन्यांकडे बाजाराचा मोठा वाटा आहे आणि गावोगावच्या दुकानांत शेड मिसळायची त्यांची यंत्रं आहेत. माल पोचवणारी गाडी परत जाताना रिकामी असते. रंगाच्या बादलीत रंगाऱ्यासाठी टोकन घालायची पद्धतही आपल्याकडे जुनी आहे. आपल्याकडे रंग किती आणायचा हे बऱ्याचदा घरमालक ठरवत नाही, रंगारी ठरवतो आणि उरलेला डबाही तोच उचलतो. बादली विकायला जे टोकन चालतं, तेच उरलेला डबा दुकानात परत आणायला चालेल. लिटरमागे काही पैसे, दुकानात एक खोका, दरवर्षी जाहीर होणारा हिशेब आणि तो तपासणारं प्रदूषण नियंत्रण मंडळ. आपला स्पर्धा कायदाही कंपन्यांना आपसात आकार ठरवू देत नाही, त्यामुळे पहिलं पाऊल केंद्र सरकारच्या नियमाचंच असावं लागेल. कंपन्यांच्या संघटनांनी तो नियम मागावा. मागितला तर त्यात त्यांचा तोटा नाही, हे ओरेगनने दाखवून दिलं आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. भिंती मोजून, किती हात लागणार ते रंगाऱ्याशी बोलून रंग आणा. उरलाच तर सोसायटीच्या गेटला, जिन्याच्या कठड्याला, शाळेच्या भिंतीला लावून संपवा. संपला नाही तर इमल्शन उघड्यावर माती किंवा लाकडाचा भुसा घालून पूर्ण सुकवा. ऑइल पेंट, थिनर आणि जुने डबे झाकण घट्ट लावून वेगळे ठेवा, मोरीत ओतू नका. आणि घरगुती घातक कचरा कुठे द्यायचा, हे आपल्या वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा. ते सांगणं महापालिकेचं काम आहे.